टाकीवरचा शिडीप्रमुख

आमच्या बिल्डिंगची शिडी ही वस्तू नव्हती, अफवा होती. ती आहे असं सगळे छातीठोकपणे सांगायचे, कुठे आहे ते कुणी सांगायचं नाही. जिन्याखाली तिची जागा ठरलेली होती आणि त्या जागेवर तिच्याखेरीज सगळं असायचं. मोडकी सायकल, रंगाचे रिकामे डबे, कुणाचा तरी टाकून दिलेला बाथटब. शिडी तेवढी नाही. एकदा पंखा पुसायचा म्हणून मी सकाळी तिचा शोध घ्यायला निघालो. तळमजल्याने वर बोट दाखवलं, वरच्या मजल्याने खाली दाखवलं आणि मधल्यांनी दार उघडून नुसताच चहा विचारला. दिवेलागणीला ती सापडली तेव्हा ती आमच्याच बाल्कनीत, अंगावर आमचेच टॉवेल घेऊन आडवी पडली होती. ती तिथे कुणी आणली यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.

निवृत्तीनंतर माणसाला एक तर गुडघेदुखी होते, नाही तर समाजकार्य. माझे गुडघे ठणठणीत होते. मी कमिटीपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, शिडीची कंप्युटरवर नोंद ठेवू. कुणी नेली, कधी आणणार, सगळं ज्याच्या त्याच्या फोनवर दिसेल. कमिटीने मला तिथल्या तिथे शिडीप्रमुख नेमलं. आमच्याकडे हरकतकाका म्हणून एक गृहस्थ आहेत, ते कुठल्याही ठरावावर उठून हरकत घेतात. त्यांची हरकत आधीच गृहीत धरून निवड एकमताने झाली. खोटं वाटत असेल तर पहिल्या मजल्यावरच्या जज्जसाहेबांना विचारा. ते निवृत्त असले तरी साक्ष देतात.

माझी भाची कुठल्याशा कंपनीत डेटाबेस सांभाळते. म्हणजे नक्की काय करते ते तिच्या आईलाही माहीत नाही. ती बिचारी सगळ्यांना "कंप्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते, जसं काही पोरगी आत बसलीय. भाचीने एका रविवारी येऊन आमच्या शिडीचा डेटाबेस मांडून दिला. तिने विचारलं, नावाचा रकाना किती लांब ठेवू? मी म्हणालो, आटोपशीर ठेव. सभ्य माणसाचं नाव लांब नसतं.

मग तिने मला समोर बसवून दोन पट्ट्या दाखवल्या. एक लाल, एक पिवळी.

"मामा, नीट ऐक. लाल पट्टी आली म्हणजे एरर. नोंद झालेली नाही. आत काहीही बदललेलं नाही, सगळं होतं तसंच आहे. पिवळी आली म्हणजे वॉर्निंग. नोंद झालेली आहे, पण यंत्राला तुला काहीतरी सांगायचंय."

"म्हणजे लाल वाईट, पिवळी चांगली."

"तसं नाही."

"मग लाल चांगली, पिवळी वाईट?"

"तसंही नाही. लाल आली की तू थांबतोस, म्हणून काही बिघडत नाही. पिवळी आली की काम पुढे गेलेलं असतं. कसं गेलं ते वाचून बघायचं. कधी काही नसतं, कधी फार काही असतं."

मी मान हलवली. आयुष्यभर ऑफिसात वरिष्ठांपुढे हलवली त्याच पद्धतीची, जिच्यातून समोरच्याला समजल्याचा भास होतो. माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की लाल म्हणजे दाराला कुलूप, आणि पिवळी म्हणजे दार उघडून देऊन वर बडबड करणारी बायको. आणि बडबडीची मला सवय होती. आमच्या हिने आजवर मला अडवलेलं असं कधी नाही. ती फक्त सांगते. "अहो, छत्री घ्या." "अहो, तो दूधवाला बरोबर बोलतोय." "अहो, त्या शिडीची खालून दुसरी पायरी सैल आहे." मी "हो हो" म्हणतो आणि निघतो. संसार असाच चालतो.

पहिला आठवडा लाल गेला. आमच्या बिल्डिंगमध्ये माणसं नावाने ओळखली जात नाहीत, हे मी आटोपशीर रकान्याच्या भानगडीत विसरलोच होतो. जज्जसाहेबांना पुस्तकांच्या कपाटावरची धूळ काढायला शिडी हवी होती. त्यांनी फोनवर स्वतःचं वर्णन लिहिलं, "निवृत्त जिल्हा न्यायाधीश". यंत्राने लाल पट्टी दाखवली, नाव रकान्यात मावत नाही, नोंद नाकारली. जज्जसाहेब जिना चढून माझ्या दारात आले. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. फक्त म्हणाले, "मी उभ्या आयुष्यात लोकांचे अर्ज नाकारले. माझा अर्ज कुणी नाकारलेला नाही." मग चपला काढत, "अपील कुठे करायचं?"

चौथ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात आणि त्यांच्या समोरच्या दारात गाण्याच्या बाई. दोघांनी आपापली ओळख मजल्यापासून लिहायला सुरुवात केली आणि दोघांना लाल पट्टी मिळाली. हरकतकाकांनी शिडी परत करायची तारीख एकतीस लिहिली. तो महिना तीसातच आटोपणारा होता. यंत्राने नाही म्हटलं. काका म्हणाले, एक तारीख जास्त आहे एवढ्याने काय बिघडतं, मी काय शिडी घेऊन पळून जाणार आहे? यंत्र ऐकेना. आणि शिडी एकाकडे असताना दुसऱ्याने मागितली की यंत्र तर तोंडावर दार आपटावं तसं लाल व्हायचं.

लोकांना शिडी मिळत नव्हती याचं कुणाला काही नव्हतं. ती पूर्वीही मिळत नव्हतीच. पण पूर्वी ती प्रेमाने मिळत नव्हती. आता तोंडावर "नाकारली" असं लिहून येत होतं, तेही माझ्या नेमणुकीच्या काळात. जिन्यात लोक माझ्याकडे बघून हसायचे थांबले. गाण्याच्या बाई माझी चाहूल लागली की रियाजातली चढी तान आणखी चढी करायच्या, असं मला वाटायचं. बायको म्हणाली, तुम्हाला वाटतंय. पण तिचं ते सांगणंही पिवळंच झालं.

शेवटी कमिटी बसली. लाल रंगावर उपसमिती नेमली गेली. उपसमितीत सगळी कमिटीच होती, कारण कुणीच वगळून घ्यायला तयार नव्हतं. बरीच चर्चा होऊन ठराव झाला, की यंत्राने कोणत्याही सभासदाला नाही म्हणू नये. यंत्राला काही वाटत असेल तर त्याने ते सौजन्याने, पिवळ्या रंगात कळवावं आणि सभासदाचं काम करावं. यंत्राला शिष्टाचार शिकवणारी आमची पहिलीच बिल्डिंग असावी. मी भाचीला फोन केला.

"मामा, असं करता येतं," ती म्हणाली. "पण करू नको. ते नाही म्हणतं ते तुमच्या भल्यासाठी. त्याला गप्प केलं तर ते मुकाट्याने काहीही आत घेईल."

"म्हणजे करता येतं."

"येतं."

"मग कर."

तिने एक लांब श्वास सोडला आणि केलं. पुढे कळलं, तो श्वासही पिवळाच होता.

त्यानंतर आमच्याकडे सुवर्णयुग आलं. ज्याने जे लिहिलं ते यंत्राने घेतलं. प्रत्येक वेळी खाली बारीक पिवळी पट्टी यायची आणि वर मोठ्या अक्षरात "नोंद झाली". लोक जिन्यात थांबवून माझा हात हातात घ्यायचे. हरकतकाकासुद्धा म्हणाले, हरकत नाही. ते शब्द त्यांच्या तोंडून बिल्डिंगने प्रथमच ऐकले. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींना भरून आलं.

पिवळ्या पट्टीत काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. मीही नाही. आत काय चाललं होतं ते मला मागाहून भाचीने सांगितलं. नाव मावत नाही म्हटल्यावर यंत्र आता नाही म्हणत नव्हतं, मावेल तेवढं ठेवून उरलेलं कापून टाकत होतं. जज्जसाहेब "निवृत्त जिल्हा" झाले, जणू अख्खा जिल्हाच पेन्शनीत निघाला. दातांचे डॉक्टर "चौथ्या मजल्या" एवढेच उरले. गाण्याच्या बाईही "चौथ्या मजल्या" एवढ्याच उरल्या. यंत्राने नाव सारखं बघून दोघांना एकच माणूस मानलं आणि डॉक्टरांच्या फोन नंबरावर बाईंचा नंबर चढवला. हरकतकाकांची एकतीस तारीख यंत्राला जगात कुठे सापडेना, म्हणून त्याने तिथे शून्य लिहिलं. शून्य तारीख, शून्य महिना, शून्य साल. त्या हिशोबाने काकांनी शिडी नेण्याच्या पुष्कळ आधी, शिडीचा शोध लागण्याच्याही आधी, परत करायला हवी होती. आणि शिडी एकाच वेळी बिल्डिंगमधल्या निम्म्याअधिक माणसांकडे होती. कंप्युटरवर. प्रत्यक्षात ती ज्याच्याकडे असायची त्याच्याकडेच असायची, म्हणजे कुणालाच माहीत नसायचं.

अशात वार्षिक सभा आली. ती आमच्याकडे गच्चीवर भरते, संध्याकाळी ऊन उतरल्यावर. माझं शिडीप्रमुखपद याच सभेत कायम व्हायचं होतं. हरकतकाका आतून त्या पदावर डोळा ठेवून आहेत अशी कुणकुण होती. माणूस "हरकत नाही" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतंच. मी अहवाल लिहिला. त्यातलं मुख्य वाक्य होतं, "कमिटीच्या ठरावानंतर एकाही सभासदाला नकार मिळाला नाही." ते वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं. आरशातल्या गृहस्थाला ते आवडलं.

गच्चीवरचा दिवा पाण्याच्या टाकीच्या माथ्यावर आहे, दोन पुरुष उंचीवर. तो गेला होता. अहवाल वाचताना चेहऱ्यावर उजेड हवा, म्हणून मी बल्ब आणला आणि त्या दिवशी योगायोगाने जिन्याखालीच सापडलेली शिडी खांद्यावर घेतली. नियमाप्रमाणे फोनवर माझ्या नावाची नोंदही केली. नोंद झाली. खाली पिवळं काहीतरी आलं.

दारातून बायको म्हणाली, "आज पाटी लावायला शिडी नोंदवलीय, असं डॉक्टर म्हणत होते. एकदा त्यांना फोन करून घ्या. आणि खालून दुसरी पायरी सैल आहे."

"हो हो," मी म्हणालो.

टाकीवर चढलो, बल्ब बसवला. वर वारा छान होता. सभेला अवकाश होता, म्हणून पलीकडच्या कडेला पाय सोडून बसलो आणि अहवाल मनातल्या मनात घोळवू लागलो. "एकाही सभासदाला" इथवर आलो आणि मागे काही खरवडल्यासारखं झालं. वळून बघतो तर शिडीची दोन टोकं टाकीच्या कडेवरून, पाण्यात बुडी मारणाऱ्या म्हशीच्या शिंगांसारखी, सावकाश खाली गेली. कडेला सरपटत येईपर्यंत डॉक्टर, कानांत गाणी घालून, शिडी खांद्यावर टाकून जिन्याच्या दारातून दिसेनासे होत होते. मी हाक मारली. त्यांनी गाण्याच्या ठेक्यावर मान डोलवली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्याही फोनवर "नोंद झाली" असंच आलं होतं.

मी डेटाबेस उघडून डॉक्टरांचा नंबर काढला आणि लावला. गाण्याच्या बाईंनी उचलला.

"डॉक्टर आहेत का?"

"कुठे?"

"तुमच्यात."

पलीकडे तंबोरा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "सभेला येतेच आहे, तेव्हा बोलू," आणि फोन ठेवला. त्यांचा सूर मला आवडला नाही.

भाचीला फोन करावा तर बॅटरीची काळजी, आणि बायकोला करावा तर बायकोची. अशात लोक खुर्च्या घेऊन वर यायला लागले. इथे कुणीही शहाणा माणूस "मला उतरवा" म्हणाला असता. पण ज्या सभेत शिडीप्रमुख म्हणून कायम व्हायचं, त्या सभेला शिडीवाचून अडकलेला दिसायचं? मी उभा राहिलो, कोट झटकला आणि टाकीच्या झाकणाची पाहणी करायला लागलो.

"वर काय करताय?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"पाहणी."

"उतरा आता."

"इथून सगळे दिसतात. माझं मी इथूनच बोलतो."

लोकांना ते भारदस्त वाटलं असावं. बायको शेवटच्या रांगेत बसली होती. तिने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा टाकीच्या पायथ्याकडे, जिथे काही नव्हतं, आणि पिशवीतून विणकाम बाहेर काढलं.

मी अहवाल वाचला. नव्या बल्बचा उजेड थेट टकलावर पडत होता. "एकाही सभासदाला नकार मिळाला नाही" या वाक्याला टाळ्या पडल्या. मग हरकतकाका उठले.

"नकार मिळाला नाही हे खरं," ते म्हणाले. "शिडी मिळाली का?"

लोकांनी खिशातून फोन काढले. मग एकेकाला आठवायला लागलं. कुणाच्या फोनवर महिन्याभरापासून नोंद होती, शिडी आलीच नव्हती. कुणाला तर नोंद झाल्याचं इतकं समाधान वाटलं होतं, की शिडी आणायची राहूनच गेली. काकांनी आपला फोन फिरवून दाखवला. त्यावर त्यांची थकबाकी दोन हजार वर्षांच्या वर दिसत होती. "मी हरकत नाही म्हटलं," ते कातर आवाजात म्हणाले, "आणि हे माझ्याशी असं वागलं."

गाण्याच्या बाई म्हणाल्या, मला विचाराल तर ते लालच बरं होतं. निदान तोंडावर सांगत होतं. जज्जसाहेब म्हणाले, खरं आहे, स्पष्ट नकारात एक प्रतिष्ठा असते. वारं फिरलं ते मी उंचावर असल्याने मला आधी लागलं. पद वाचवायचं तर आपणच पुढे व्हावं, म्हणून मीच ठराव मांडला. यंत्राचा लाल रंग पुन्हा सुरू करावा, आणि यंत्राने लाल दाखवलं तर शिडी कुणालाही, कोणत्याही कारणाने, मिळू नये. "कोणत्याही कारणाने" हे शब्द हरकतकाकांनी घालायला लावले. मी दोन्ही हात वर करून मत दिलं. पद कायम झालं. टाळ्यांत मी भाचीला फोन लावला. तिला इतका आनंद झाला, की बोलता बोलताच तिने ते करून टाकलं.

तेवढ्यात डॉक्टर वर आले. त्यांची पाटी लावून झाली होती आणि खांद्यावर शिडी होती. इतकी सुंदर शिडी मी जन्मात पाहिली नाही.

"इकडे आणा डॉक्टर," मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो. "टाकीला लावून ठेवा."

डॉक्टर नियमाचे. त्यांनी आधी फोन काढून शिडी परत केल्याची नोंद करायला घेतली. लाल पट्टी आली. नाव रकान्यात मावत नाही, नोंद नाकारली. आखूड नाव लिहून पाहिलं. लाल. या नावाच्या माणसाने शिडी नेलेली नाही.

"मी नेलेली नाही?" डॉक्टर खांद्यावरच्या शिडीकडे बघत म्हणाले.

"तुम्ही परत करू शकत नाही तोवर मीच नव्याने घेतो," मी म्हणालो आणि वरून माझ्या नावाची नोंद केली. लाल. शिडी आधीच इतरांकडे आहे. म्हटलं, मग माझी जुनी नोंद आहे ती बंद करतो. शिडी परत केली, असं लिहिलं. लाल. इतर नोंदी उघड्या असताना ही बंद करता येत नाही.

भाचीला पुन्हा फोन केला. ती म्हणाली, "हो मामा, होणारच. आता ते योग्य तेच करतंय. पिवळ्याच्या काळात जो कचरा आत गेला तो आधी साफ करावा लागेल. पुढच्या आठवड्यात बसते."

"मी टाकीवर आहे."

"टाकीवर काय करतोयस?"

"पाहणी," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

खाली डॉक्टर शिडी टाकीला टेकवायला गेले, तर हरकतकाकांनी आडवा हात घातला. नुकताच ठराव झालाय, कोणत्याही कारणाने नाही. मी म्हणालो, अहो, पण मी वर आहे. जज्जसाहेबांनी चष्मा पुसला. त्यांच्या मते ठराव स्पष्ट होता, त्यात टाकीचा अपवाद नव्हता, आणि ठराव मांडणारा तोच मोडायला निघाला तर वाईट पायंडा पडेल. मला विशेष सभा बोलावता येईल, मात्र तिची रीतसर पूर्वसूचना द्यावी लागेल. दोघातिघांनी तोवर जेवण दोरीने वर पाठवायची तयारी दाखवली. आमची बिल्डिंग तशी प्रेमळ आहे. शिडी समोर उभी होती, माणसं समोर होती, सगळ्यांना मी खाली यायला हवा होतो आणि कुणालाच मला खाली आणता येत नव्हतं. आता ही लाल चांगली की वाईट, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कुणी समजावलं तर मी मानच हलवेन.

तेव्हा मागच्या रांगेतून बायको उठली. विणकाम खुर्चीवर ठेवलं. डॉक्टरांच्या हातातून शिडी घेतली, काकांच्या आडव्या हाताखालून नेली आणि टाकीला टेकवली.

"वहिनी, नोंद?" काका म्हणाले.

"नाकारली," बायको म्हणाली.

"कुणी?"

"मी. आता बाजूला व्हा."

काका बाजूला झाले. जज्जसाहेबांनीही खुर्ची थोडी मागे घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा तो रंग मी प्रथमच पाहत होतो, आणि काय सांगू, सगळं होतं तिथेच थांबलं. कुणाचं काही बिघडलं नाही.

"उतरा," ती मला म्हणाली. मग शिडी दोन्ही हातांनी धरून, नेहमीच्या आवाजात, "सावकाश. खालून दुसरी पायरी सैल आहे."

"हो हो," मी म्हणालो.

उतरताना मला कळून चुकलं होतं, की पद गेलं तरी चालेल पण हिचं ऐकायला हवं होतं. डॉक्टरांना फोन करायला हवा होता. यापुढे ती म्हणेल ते शब्दन् शब्द ऐकायचं, पिवळं असो, लाल असो, तिथल्या तिथे ऐकायचं. हा विचार इतका उदात्त होता, की तो पुरा करताना मी खालून दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला.

खाली पोचलो, हे महत्त्वाचं. भाचीच्या भाषेत सांगायचं तर काम झालं. वॉर्निंग होती.